माफ करा, उधारी मात्र सोडू नका

भावकीतल्या वाटणीवरून, नाहीतर यंत्रमागाच्या थकलेल्या बिलावरून धरलेला राग सोलापूरच्या चादरीसारखा वर्षानुवर्षे टिकतो. त्रास होतो तो धरणाऱ्याच्याच शरीराला. २००१ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ शार्लट व्हॅन ओयेन विटव्हलिएट आणि सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. दुखावणाऱ्या माणसावरचा राग मनात घोळवताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त वाढले. त्याला माफ केल्याची कल्पना करताना ही वाढ कमी होती.

मग करायचं काय? ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी वही घेऊन बसा. काय घडलं, त्यात आपलं किती गेलं, ते शिव्यांसकट लिहा. वाचणारं कुणी नाही. त्यानंतर चार ओळी त्या माणसाच्या बाजूने लिहा: तो तेव्हा कशात अडकला असेल? हाच भाग जड जातो. पहिल्या दिवशी नाही जमला तर सोडून द्या, घाई नको. जमला की खाली तारीख टाकून लिहा, ‘मी हे सोडलं.’

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत तिळगूळ देऊन जबरदस्तीने गळाभेट घ्यायची गरज नाही. माफी मनातली, व्यवहार वेगळा. थकलेले पैसे मागा, कोर्टातली केस चालू द्या. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, माफीचं नंतर बघू.

राग परत उसळतोच, विशेषतः रात्री. तेव्हा नव्याने उजळणी न करता ते तारखेचं पान काढून वाचा.