डोळ्यात रक्त साकळले? या चुका टाळा
सकाळी आरशात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला की माणूस घाबरून आधी डोळा चोळतो, आणि पहिली चूक तिथेच होते. पांढऱ्या भागावरच्या पातळ, पारदर्शक पडद्याखाली एखादी केसासारखी रक्तवाहिनी फुटून हे रक्त पसरलेले असते. खोकल्याची उबळ, उलटी किंवा शौचाला कुंथणे एवढे निमित्तही त्याला पुरते.

डोळ्यात काहीही घालण्याआधी डागाची कड न्याहाळावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. साध्या डागाची कड रेखीव असते, त्याच्यापलीकडचा भाग पांढरा स्वच्छ राहतो, लाली बुबुळाच्या काठाशी थांबते, डोळा दुखत नाही आणि नजरही अधू होत नाही. असा डाग पहिल्या एक-दोन दिवसांत पसरला किंवा खाली ओघळला म्हणून धास्तावू नये. पुढे तो पिवळसर होत साधारण 1 ते 3 आठवड्यांत आपोआप जिरतो. गुलाबजल, मध किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब यांनी तो लवकर जात नाही, उलट अपाय होऊ शकतो.

‘डोळे आले’ असे समजणे ही दुसरी चूक. डोळे येतात तेव्हा लाली विखुरलेली असते, पाणी येते, पापण्या चिकटतात. त्यातल्या एका विषाणूजन्य साथीत मात्र पांढऱ्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपकेही उमटतात. 1969 मध्ये घानात उद्भवलेल्या या साथीला चांद्रमोहिमेवरून ‘अपोलो’ हे नाव पडले.

सर्वांत घातक चूक मार लागल्यानंतर होते. चेंडू किंवा फटाका लागून आलेला डाग मागे सरकत जाऊन त्याची मागची कड दिसतच नसेल, तर खोबणीच्या किंवा कवटीच्या तळाच्या हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. बुबुळाभोवती चहूकडून रक्त फुगून आले असेल, तर डोळाच फाटलेला असू शकतो. अशा वेळी डोळा धुऊ नये, दाबू नये. खोबणीच्या हाडावर टेकेल असा कागदी कप उपडा धरून, डोळ्याला स्पर्श न होऊ देता, तातडीने रुग्णालय गाठावे. बुबुळासमोर आतल्या बाजूला रक्ताची आडवी पातळी दिसली, तरीही तसेच करावे.

रक्त पातळ करणारी गोळी डाग पाहून स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे आणि रक्तदाब मोजून घ्यावा. डाग वारंवार येत असेल, किंवा हिरड्यांतून रक्त येऊन अंगावर निळे चट्टेही उठत असतील, तर रक्ताची तपासणी लांबवू नये.