स्टर्नड्राइव्हचा बोल्ट जाम झालाय, तुटलाय? हाउसिंग न बिघडवता काढायचा कसा

कोयनेच्या बॅकवॉटरला, तापोळा-बामणोलीकडं बहुतेक बोटी आउटबोर्डवरच (मागं बाहेर टांगलेल्या इंजिनवर) चालतात, पण मधूनच कुणीतरी मुंबई-गोव्याकडनं सेकंडहँड स्पीडबोट उचलून आणतं आणि तिला मागं स्टर्नड्राइव्ह असतो. म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअर, पंखा वगैरे सगळा संसार मागच्या भिंतीला बाहेर लटकवलेला. मालक म्हणतो, आता गोड्या पाण्यात आलीय, आता कशाला गंजतीय! अहो पण खारं पाणी आट्यांमधनं आधीच आत जाऊन बसलंय ना, ते कोयनेच्या पाण्यानं धुऊन निघत नाही. मग इंपेलर (पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) बदलायला म्हणून पाना लावला की पहिले दोन बोल्ट येतात आणि तिसऱ्याचं मुंडकं कट्कन हातात.

सांगलीकडच्या लोकांनीही वाचा. नदीकाठच्या गावांत पुरासाठी ठेवलेल्या बोटी असतात, त्यांचं आउटबोर्ड इंजिन वर्षभर शेडमध्ये पडून असतं आणि नेमकं जूनच्या तोंडावर कुणीतरी ते उघडायला घेतं. ड्राइव्ह वेगळा असला तरी रोग तोच आणि औषधही तेच.

आधी रोग समजून घ्या, नायतर पुढचं सगळं अंदाजपंचे होतंय. हाउसिंग, म्हणजे गिअर ज्यात बसतात ते बाहेरचं कवच, अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टेनलेसचा, या दोन धातूंच्या मध्ये ओल आली की बॅटरीसारखा करंट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि जागा तर नसते, म्हणून ती आट्यांमध्ये दाबून बसते. बोल्ट गंजलेला नसतोच, तो त्या भुकटीत चिणलेला असतो. म्हणून नुसतं डब्ल्यूडी-४० मारून दहा मिनिटांत पाना लावणाऱ्याचा बोल्ट तुटणारच, आत तेल शिरायला वाटच नाही.

माझा एकच नियम आहे. बोल्ट मेला तर मरू दे, हाउसिंग जगलं पाहिजे. बोल्ट बाजारात कुठंही मिळतो, हाउसिंग मिळायला महिने जातात आणि किंमत ऐकून मालक खाली बसतो. तेव्हा प्रत्येक पायरीला स्वतःला विचारायचं, हे फसलं तर हाउसिंगचं काय?

तर अजून तुटला नसेल तर नशीबवान आहात, घाई करू नका. ड्राइव्ह बोटीवरनं उतरवून बाकावर घ्या. बोटीतच गॅसची बत्ती लावायची कल्पनासुद्धा नको, पेट्रोल इंजिनच्या खाली पेट्रोलची वाफ साचलेली असते. बाकावर घेतला की चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल मारा, नसेल तर अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल निम्मं-निम्मं करून ड्रॉपरनं सोडा (ते सारखं वेगळं होतं, दरवेळी हलवून घ्या), आणि रात्रभर ठेवा, जमलं तर दोन रात्री. मध्ये मध्ये बोल्टच्या मुंडक्यावर पितळी दांडा ठेवून सरळ वरनं हातोडीचे हलके ठोके द्या, जोरात नाही, पण बरेच. त्या हादऱ्यानं भुकटीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

मग उष्णता. बत्ती मारायच्या आधी ते तेल आणि अ‍ॅसिटोन नीट पुसून घ्या, बाटल्या लांब ठेवा, भडका उडालेला बघितलाय. आणि तापवायचं ते बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जवळपास दीडपट फुगतं. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि हाउसिंग दोन्ही दीडशे डिग्रीनं तापले तर फरक पडतो सात-आठ मायक्रॉनचा, डोळ्याला दिसणार नाही पण भुकटीची पकड सोडवायला तेवढा पुरतो. धोका असाय की अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, चांगलं दिसतंय दिसतंय म्हणेपर्यंत एकदम खाली बसतं. म्हणून कपडे धुवायच्या साबणाची वडी आधी तिथं घासून ठेवा. साबण काळा पडायला लागला म्हणजे तुम्ही फार पुढं गेलात. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडाला की आपल्या कामापुरतं तापलंय, बास. जवळ ऑइल सील, ओ-रिंग, रबरी बेलो असेल तर आधी काढा, निघत नसेल तर ओलं फडकं गुंडाळा.

गरम असतानाच मेणबत्ती आट्यांच्या तोंडाला टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना लावून आधी किंचित टाईट करायच्या दिशेनं दाब द्या, मग लूज. हलला की लगेच फिरवत सुटू नका, पाव वळसा पुढं, थोडा मागं, परत तेल, परत पुढं. फिरवताना कचकच आवाज येत असेल आणि पाना रबरासारखा लवचिक लागत असेल तर थांबा, बोल्ट पिळतोय, सुटत नाहीये. ही जाणीव हातात यावी लागते, म्हणून लांब पाइप घालून ताकद लावू नका, छोट्या पान्यात ती कळते. गिअर ऑइलच्या खाचेच्या स्क्रूला साधा स्क्रूड्रायव्हर वापरून खाच घालवू नका, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, टूव्हीलर गॅरेजवाल्याकडं असतोच.

बरं, तुटलाच. आता बघायचं तुकडा वर उभा आहे का. झाकण काढल्यावर बोटभर स्टड वर दिसत असेल तर अर्धी लढाई जिंकली. परत तापवा आणि व्हाइस ग्रिपनं धरा. त्यानं नाही झालं तर नट वेल्ड करायचा, आणि माझ्या मते तुटलेल्या बोल्टवर यापेक्षा चांगला इलाज नाही. थोडा मोठा नट तुकड्यावर ठेवायचा आणि नटाच्या भोकातनं मिग वेल्डिंग भरायचं. स्टेनलेसचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि वेल्डिंगची उष्णता थेट तुकड्यात उतरते, तीच भुकटी फोडते. लालपणा गेल्यावर मेण लावा, मग हळू पुढं-मागं. पहिल्यांदा नट तुटून येईल, दुसरा लावा, तिसरा लावा, वैतागू नका. अर्थिंगचा क्लॅम्प मात्र तुकड्याच्या अगदी जवळ हाउसिंगला लावायचा, लांब लावला तर करंट बेअरिंगमधनं जातो आणि बेअरिंगला डाग पडतात.

तुकडा आतच, पृष्ठभागाच्या बरोबर तुटला असेल आणि वेल्डिंग पोचत नसेल तर ड्रिल. इथं खरं काम आहे, इथंच हाउसिंगं मरतात. स्टेनलेस कडक आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यामुळं बिट संधी मिळाली की घसरून अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतं. नुसत्या नजरेनं सेंटर पंच मारून भोक पाडणारे महान कारागीर असतील, मी त्यातला नाही. मी लेथवाल्याकडनं बुश करून घेतो. झाकणाच्या भोकात घट्ट बसेल एवढा बाहेरचा व्यास, आणि मध्ये बरोबर सेंटरला ४ मिलिमीटरचं भोक. मग झाकण बाकीच्या बोल्टांनी परत जागेवर बसवायचं, तुटक्या बोल्टच्या भोकात बुश घालायचा आणि त्यातनं ड्रिल मारायचं, बिटला इकडंतिकडं जायला जागाच राहत नाही. सातारा एमआयडीसीत, कुपवाडला, कराडला, कुठल्याही टर्नरला माप दिलं की चहा होईपर्यंत करून देतो. बुश जरा जास्त कडक स्टीलचा घ्या, नायतर बिट बुशच कातरतं.

बिट कोबाल्टचं, आणि डावं बिट मिळालं तर फारच उत्तम, कारण ते उलट्या दिशेनं कापतं आणि बऱ्याचदा भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो. स्पीड कमी, दाब भरपूर, तेल सतत. स्टेनलेसवर बिट नुसतं घासत राहिलं की तो भाग काचेसारखा कडक होतो आणि मग काहीच लागत नाही. बाहेर येणारा कीस दर थोड्या वेळानं चिमटीत घेऊन बघा. स्टेनलेसचा कीस स्प्रिंगसारखा ताठ, बोटाला टोचणारा. मऊ, हलका, चिमटीत चुरगळणारा कीस आला की ताबडतोब थांबा, तुम्ही बोल्ट सोडून हाउसिंग कापताय. खोलीसाठी बिटला चिकटपट्टीचा झेंडा लावा, कारण बऱ्याच भोकांच्या पलीकडं गिअर ऑइल नाहीतर पाण्याचा मार्ग असतो.

इझी-आउट, म्हणजे तुकड्यात भोक पाडून आत अडकवायचं आणि उलटं फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार, त्याबद्दल माझं मत कडू आहे. जो बोल्ट गरम करून, तेल पाजून पूर्ण मुंडक्यावर पाना लावून हलला नाही, तो आतल्या बारक्या भोकात अडकवलेल्या टोकानं कसा हलणार? वर निमुळता इझी-आउट तुकड्याला आतनं फुगवतो, म्हणजे अजून घट्ट. आणि आत तुटला तर तो एवढा कडक की साधं बिट त्याला ओरखडाही काढत नाही. मग टूलरूमवाल्याकडं स्पार्क इरोजनला (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशिनवर) न्यायचं, कुपवाडला अशी मशिनं आहेत, पण नेण्या-आणण्यात दिवस जातो. M6 च्या स्टेनलेसला इझी-आउट लावूच नका.

त्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं भोक वाढवत आट्यांच्या मुळापर्यंत जा, M8 असेल तर ६.८, M6 ला ५, M10 ला ८.५. अमेरिकन ड्राइव्ह असेल तर आटे इंचातले असतात, पिच गेजनं आधी खात्री करा. भोक सेंटरला असेल तर शेवटी बोल्टचं नुसतं पातळ वेटोळं उरतं, ते टोकदार सुईनं आत दाबून चिमट्यानं ओढून काढायचं, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरवून आटे साफ. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवा, मूळ आट्यांपेक्षा ते मजबूत होतात, लाजायचं कारण नाही.

साधा लोखंडी स्क्रू किंवा टॅपचा तुकडा छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टात अडकला असेल तर तुरटीचा उपाय आहे. गरम पाण्यात तुरटी भरपूर विरघळवून त्यात पार्ट बुडवून मंद आचेवर तासन् तास ठेवा, लोखंड विरघळून जातं. स्टेनलेसवर चालत नाही हं. आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा कुणी सांगितला तर ऐकू नका, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच खातात.

बसवताना नवीन बोल्ट ३१६ ग्रेडचा घ्या, आट्यांना वॉटरप्रूफ मरीन ग्रीस लावा. कॉपर ग्रीस इथं नको, तांबं अ‍ॅल्युमिनियमला अजून खातं. ग्रीस लावलं की टॉर्क थोडा कमी ठेवा. आणि ड्राइव्हला अजून झिंकचा अ‍ॅनोड (हाउसिंगच्या ऐवजी स्वतः खाल्ला जाणारा धातूचा तुकडा) असेल तर तो काढून मॅग्नेशियमचा लावा, झिंक खाऱ्या पाण्यासाठी, गोड्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि तो काम करायचं सोडतो. बदलताना अ‍ॅनोडखालची जागा घासून चकचकीत करा आणि तिथं रंग मारू नका, धातूला धातू टेकला नाही तर अ‍ॅनोड असून नसल्यासारखा.