बँकेकडे सीसी लिमिट मागण्याआधी

वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळ्यातल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडचं सीसीचं (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) प्रपोजल बँकेत अडतं, ते दर वेळी धंदा कमी म्हणून नाही. कंपनीचा पैसा आणि मालकाचा पैसा कागदावर वेगळा दिसत नाही, आणि करनियमांमुळे रोकड कुठे अडकणार हे कोणी मोजलेलं नसतं. पुढची कामं डिसेंबरमध्येच हाती घ्या. मार्च उलटला की ताळेबंद आहे तसा दाखवावा लागतो.

आधी डायरेक्टरचं खातं उघडा. घराचा हप्ता, मुलांची फी कंपनीतून गेली असेल तर ती तिथे उचल म्हणून पडलेली असते. इथे दोन कायदे एकदम लागतात. कंपनी कायदा 2013 चं कलम 185 डायरेक्टरला कर्ज देण्यावर बंधन घालतं. प्रायव्हेट कंपन्यांना अटींवर सूट आहे, पण कंपनीचं कर्ज थकलेलं असेल तर ती मिळत नाही. शिवाय 10 टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला दिलेली उचल, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, आयकर खातं लाभांश धरून त्यावर कर लावतं. मार्चअखेर परत केली तरी हा कर सुटत नाही, आणि मालक नेमके इथेच फसतात. उपाय सरळ आहे: बोर्डाच्या ठरावाने पगार ठरवा, टीडीएस कापा, घरखर्च त्यातून चालवा. जुनी उचल सीएला आधीच दाखवा, एंट्री फिरवायला जाऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणती एंट्री कधी बदलली याची आपोआप नोंद) सक्तीचा आहे. ऑडिटर त्यावर अहवालात लिहितो आणि बँक तो अहवाल वाचते.

कर्जाचा ठराव बोर्डाची बैठक भरवूनच करावा लागतो. घरोघर कागद फिरवून घेतलेल्या सह्या चालत नाहीत. एजीएमनंतर (वार्षिक सभा) कंपनी रजिस्ट्रारकडे एओसी-4 (ताळेबंदाचा फॉर्म) तीस दिवसांत आणि वार्षिक विवरण साठ दिवसांत भरा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. लिमिट मंजूर होऊन तारण लिहून दिलं की तीस दिवसांत सीएचजी-1 (तारणाच्या नोंदणीचा फॉर्म) भरायचा असतो.

आता देणी. उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादक व सेवा पुरवठादाराचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. 2023-24 पासून, ही मुदत चुकवून 31 मार्चला थकलेली रक्कम आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. पैसे द्याल त्या वर्षी वजावट मिळते. निव्वळ व्यापाऱ्यांना आणि मध्यम उद्योगांना हा नियम लागू नाही, म्हणून प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम सर्टिफिकेट मागवा आणि लेजरला तशी खूण करा.

18 लाख असे थकले आणि कंपनी 25.17 टक्के करदरात असेल, तर सुमारे 4.53 लाखांचा कर वर्षभर आधी भरावा लागतो. म्हणून सीसीतून देणं फेडून टाकावं का? ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी बघून बँक प्रत्यक्षात किती उचलू देते तो आकडा) मांडून बघा. माल 80 लाखांचा, त्याची देणी 30 लाख (थकलेले 18 यातलेच). उरलेल्या 50 वर 25 टक्के मार्जिन (बँक धरत नाही तो मालकाचा वाटा) काढलं की 37.5 लाख. नव्वद दिवसांच्या आतली येणी 60 लाख, त्यावर 40 टक्के मार्जिन धरलं तर 36 लाख. एकूण 73.5. (मार्जिन बँकेगणिक बदलतं.) 18 लाख फेडल्यावर देणी 12 उरतात आणि ड्रॉइंग पॉवर 87 लाखांवर जाते, म्हणजे 13.5 ने वाढते. सीसीतली उचल मात्र 18 ने वाढते. मधले साडेचार लाख स्वतःचे घालावे लागतात. म्हणजे करात जाणार तेवढेच जवळपास! तरीही फेडलेलं बरं, कारण उशिराच्या देण्यावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि त्या व्याजाची वजावट मिळत नाही.

नव्वद दिवसांपुढची येणी या हिशोबात सहसा धरत नाहीत. गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं वटवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) बिल चढवा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, आणि गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की पैसे फायनान्सर देतो. पुढे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी फायनान्सर तुमच्या मागे लागत नाही. फक्त नोंदणी झाली म्हणून बिल मान्य होईलच असं नाही. त्यासाठी पर्चेस खात्याच्या मागे लागावं लागतं.

जीएसटीआर-3बी या जीएसटी विवरणपत्रामधली वर्षाची विक्री ताळेबंदाशी जुळवून एका पानाचा तक्ता प्रपोजलला जोडा. फरक असेलच: क्रेडिट नोट, भंगार विक्री, ॲडव्हान्स. तो तुम्ही आधी समजावला नाही तर बँक विचारते आणि फाइल आठवडाभर मागे पडते. लिमिट मिळाल्यावर स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर रिझर्व्ह बँक अनियमित मानते, आणि खातं 90 दिवस तसंच चाललं तर एनपीए (थकीत कर्ज) होतं.

सँक्शन लेटरमध्ये व्याजदर कशाशी बांधला आहे ते शेवटी पाहा. सूक्ष्म-लघु उद्योगांची फ्लोटिंग दराची नवी कर्जं 1 ऑक्टोबर 2019 पासून बाह्य बेंचमार्कशी (बँकेबाहेर ठरणारा दर, जसा रेपो किंवा ट्रेझरी बिलाचा) जोडलेली असतात आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलतो. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) असेल तर रिझर्व्ह बँकेच्या बैठकीकडे लक्ष ठेवा. ट्रेझरी बिल (सरकारचं अल्पमुदतीचं कर्ज) असेल तर सरकारच्या उसनवारीचाही त्यावर दाब येतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात सरकारने बाजारातून घ्यायचं ढोबळ कर्ज 14.82 लाख कोटी धरलं होतं. बजेटच्या दिवशी टीव्हीवर करांचे स्लॅब चालू असतात, तेव्हा हा आकडा शोधा.