सीट वर होते पण टिकत नाही? या चुका टाळा

सकाळी लिव्हर मारून ड्रायव्हर सीट हवी तेवढी वर घ्यायची आणि तासाभरात पुन्हा बॉनेट दिसेनासं व्हायचं. तक्रार नेहमीची आणि तिच्यावरचे इलाजही नेहमीचेच: स्प्रे मारा, वेल्डिंग करा, नाहीतर खाली फळी सरकवा. तिन्ही चुकीचे.

इथे फक्त हातलिव्हरच्या सीटबद्दल बोलू. मोटरवाल्या सीटची उंची वर्म गिअरवर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरवर, टिकते. ती सीट खाली बसत असेल तर गिअर गेलाय, त्याचा इलाज वेगळा.

लिव्हरच्या मागे एक गोल चपटा डबा असतो, तो पंप. पंपाचा छोटा गिअर पंख्याच्या आकाराच्या दातेरी पट्टीत बसतो. पट्टी फिरली की मागचा आडवा पाइप फिरतो, दोन्ही बाजूंच्या लिंक उठतात आणि सीट चढते. बसणाऱ्याचं वजन पंपातला ब्रेक पेलतो. वजनाने गिअर उलटा फिरायला लागला की आतले रोलर पाचरीसारखे अडकतात, काही पंपांत हेच काम घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग करते. लिव्हर हलवल्याशिवाय ही पकड सुटत नाही. थोडक्यात, तुमची सीट घर्षणावर उभी आहे.

आणि तिथेच लोक तेल मारतात.

गंज काढायचा स्प्रे घरात असला की तो कुठेतरी मारल्याशिवाय चैन पडत नाही, हे मान्य. पण लिव्हरच्या फटीतून नळी घालून पंपात मारलेला स्प्रे रोलरवर पातळ थर धरतो आणि पाचर घसरायला लागते. आधी दिवसाला बोटभर उतरणारी सीट आता स्पीडब्रेकरगणिक उतरते. शिवाय कारखान्यात मोजून भरलेलं ग्रीस धुऊन निघतं आणि रस्त्याची धूळ चिकटते ती वेगळीच. असा पंप पेट्रोलने धुऊन पूर्ववत होत नाही. उघडायलाही जाऊ नका, तो रिव्हेट केलेला असतो. सीट कुरकुरत असेल तर दातेरी पट्टीच्या दातांवर आणि लिंकच्या खिळ्यांवर लिथियम ग्रीस काडीने लावा, वाटाण्याएवढं पुरे. डब्याला हात लावू नका.

दुसरी चूक पंपाच्या बाहेरची आहे, म्हणून ती सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सीट कव्हर.

बाजारातली कव्हरं खालून इलॅस्टिक आणि तारेच्या हुकांनी ताणतात. बसवणाऱ्याला वीस मिनिटांत पुढची गाडी घ्यायची असते, त्यामुळे हुक जिथे अडकेल तिथे अडकवला जातो. भाड्याने चालणाऱ्या एका हॅचबॅकमध्ये याच कारणाने एकामागोमाग दोन पंप बदलले गेले. नवा पंप आठवडाभर नीट चालायचा, मग सीट पुन्हा खाली. दोन्ही वेळा दोष ‘डुप्लिकेट माला’वर गेला. तिसऱ्यांदा कोणीतरी कव्हर पूर्ण उतरवलं, तेव्हा दिसलं की एक इलॅस्टिक लिव्हरच्या पत्र्याला वळसा घालून, सीट ज्यावर पुढेमागे सरकते त्या रेलच्या कडेला बांधलेलं होतं. गाडी खड्ड्यात आदळली की कुशन दबायचं, इलॅस्टिक लिव्हरला तांदळाच्या दाण्याएवढं खाली ओढायचं आणि परत सोडायचं. म्हणजे दर खड्ड्याला एक इवलासा पंप, आणि तोही उतरायच्या दिशेने. नव्या पंपाचा आठवडा नीट जायचा, कारण पंप काढताना ते इलॅस्टिक सुटायचं आणि आठवड्याने कोणीतरी सैल झालेलं कव्हर पुन्हा ओढून बांधायचं. खर्च दोन पंपांचा, दोष पाच रुपयांच्या दोरीचा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कव्हर काढा. लिव्हर वर नेऊन सोडा, खाली नेऊन सोडा. दोन्हीकडून तो झटकन मध्यावर आला पाहिजे. रेंगाळत असेल तर बाजूचं प्लास्टिक घासतंय का, पायपुसण्याची कडा लागतेय का ते बघा. सीट आणि दाराच्या फटीत पडलेली पेनं, नाणी, बडीशेपेची पाकिटं दातेरी पट्टीत सापडतात, तीही काढा.

आता मोजमाप. ‘जरा खाली आल्यासारखी वाटते’ हे निदान नव्हे. कुशनच्या फ्रेमची खालची कडा ते रेल हे अंतर टेपने मोजा, रोजच्या माणसाला बसवून अर्धा तास खराब रस्त्यावर फिरा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा तेवढाच असेल तर सीटची उंची ठीक आहे, बसलाय तो फोम. आवाज न करता हळूहळू उतरत असेल तर पंपाचा ब्रेक गेला. ‘टक्’ करून एकदम उतरत असेल तर गिअर दात ओलांडतोय. अशा वेळी आधी पंप धरणारे दोन-तीन स्क्रू तपासा. ते ढिले झाले की पंप डुलतो आणि गिअर पट्टीवरून चढतो. स्क्रू काढून निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक) लावून आवळले की पुष्कळदा काम तिथेच संपतं, अर्थात दात झिजायच्या आत लक्ष गेलं तर. एकच बाजू खाली असेल तर पंपाच्या नादी लागू नका, आडवा पाइप किंवा लिंक वाकलीय.

लिव्हर फिरतोय पण सीट ढिम्म? लिव्हरच्या प्लास्टिकचे आतले दाते गेलेत, फक्त लिव्हर बदला.

पावसात गाडीच्या तळात पाणी शिरलं होतं? मग पंप बदलायचाच, सुकवत बसू नका.

वेल्डिंगबद्दल. लिंकला टाका मारला की सीट हलत नाही हे खरं. पण खाली फोम असतो, कार्पेट असतं, बेल्टच्या बकलची वायर असते आणि अनेक गाड्यांत पिवळ्या कनेक्टरची एअरबॅगची वायरही असते. धडकेत सीटची फ्रेम ठरल्याप्रमाणे वाकावी अशी बनवलेली असते, टाका मारलेली कशी वाकेल ते कोणी सांगू शकत नाही. फळीचंही तेच, ब्रेक मारल्यावर ती सरकून पेडलखाली आली म्हणजे संपलं.

पंप बदलायचा ठरला तर घाई नको. सीट पूर्ण वर घ्या, तिथे सीट उचलायला मदत करणाऱ्या स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी असतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून निदान तीन मिनिटं थांबा, मॅन्युअलमध्ये जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा, आणि मगच सीटखालचे कनेक्टर सोडवा. मध्येच ‘जरा बघू’ म्हणून बॅटरी जोडून इग्निशन चालू केलंत तर एअरबॅगचा दिवा लागेल आणि तो घालवायला स्कॅनर लागेल. रेलचे चार बोल्ट काढून सीट बाहेर घ्या. गाडीत ठेवून, डोकं खाली घालून हे काम करणारे शेवटी एखादा स्क्रू कार्पेटखाली हरवतात. पंप सुटायच्या आधी फ्रेम आणि रेलमध्ये लाकडी ठोकळा अडकवा. पंप निघाला की लिंक मोकळ्या होतात आणि बोट सापडतं.

मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून पंप आणणार असाल तर दुकानातच तपासा. गिअरवर फडकं गुंडाळून पक्कडीने दोन्ही दिशांना फिरवून पाहा. किंचित खेळ चालेल, फिरला तर परत द्या. डावा-उजवाही बघून घ्या, प्रवाशाच्या बाजूचा पंप उलटा असतो.

बसवताना दोन्ही रेल एकाच खाचेत अडकवून घ्या. एक खाच पुढेमागे झाली तर सीट तिरकी बसते आणि एका बाजूचं लॉक लागत नाही. चारही बोल्ट आधी हाताने धरवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळा. कनेक्टर, मग बॅटरी. एअरबॅगचा दिवा लागून विझला की सीट पुढेमागे सरकवा, प्रत्येक खाचेत दोन्हीकडचा ‘खट्’ ऐका आणि टेप घेऊन पुन्हा त्याच खराब रस्त्याला लागा. कव्हर दुसऱ्या दिवशी चढवा, आणि या वेळी हुक स्वतः लावा.