जुन्या मुंबईच्या नादारी कोर्टाचं रजिस्टर कसं वाचायचं

नादारी कोर्टाचं, म्हणजे दिवाळखोरीच्या कोर्टाचं, रजिस्टर म्हटलं की लोकांना वाटतं बुडालेल्यांची यादी असणार, दुसरं काय. पण एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत छोटा दुकानदार, दलाल, कारकून कोणाकडून उसने घ्यायचे, कुठे भाडं थकवायचे हे कळायला यासारखी कागदपत्रं फार थोडी आहेत, म्हणून मला जमेल तसं लिहिते.

सगळ्यात आधी आपला माणूस या कोर्टात येऊ शकत होता का ते बघा. १८२८ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत नादारांसाठी वेगळं कोर्ट आलं, १८४८ ला नवा कायदा झाला आणि तो १९०९ च्या प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्टपर्यंत चालला. म्हणजे हा सगळा शहराचा मामला. पुणे, सातारा, नगर, सोलापूरकडचा कर्जबाजारी शेतकरी इथे शोधत बसाल तर दिवस फुकट जातील. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला, त्यानंतर १८७९ ला या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा वेगळा कायदा आला आणि त्यात नादारीची स्वतःची तरतूद होती, त्यामुळे ते कागद जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टांच्या दप्तरात शोधायचे.

आता सुरुवात. थेट रजिस्टर मागू नका, आधी गॅझेट बघा. बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेटमध्ये नादारीच्या नोटिसा छापून यायच्या, त्यावरून नाव, धंदा, तारीख हातात येते आणि मग रजिस्टरचं नेमकं वर्ष मागता येतं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे जाताना तुमच्या कॉलेजचं किंवा संशोधनाच्या गाइडचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, पेन नको पेन्सिल न्या. हायकोर्टाच्या ऑफिशियल असायनीकडेही लेखी विचारून बघा, कारण नादाराची मालमत्ता त्याच अधिकाऱ्याच्या ताब्यात जायची. घरबसल्या लंडन गॅझेटच्या साइटवरही शोधता येतं, हिंदुस्थानातल्या नादारांच्या नोटिसा त्यातही निघायच्या.

नाव शोधताना मी सुरुवातीला दोन दिवस वाया घालवलेत. आडनावाने शोधत होते आणि अनुक्रमणिका होती माणसाच्या स्वतःच्या नावाने! म्हणजे गोविंद विठोबा हा ग मध्ये, आडनाव बऱ्याचदा लिहिलेलंच नाही. त्यात इंग्रज कारकुनाचं स्पेलिंग, लक्ष्मणचं लक्झुमन, रामचंद्रचं रामचंदर, पांडुरंगचं पांडूरुंग, विठोबा कधी व्ही ने कधी डब्ल्यू ने. म्हणून जायच्या आधी एका नावाची पाच-सहा रूपं कागदावर लिहूनच न्या, आणि बापाचं नाव आणि धंदा जुळल्याशिवाय हाच तो असं ठरवू नका, एका नावाचे चार जण सहज निघतात.

ओळ वाचताना क्रम लक्षात ठेवा. अर्ज कधी केला, व्हेस्टिंग ऑर्डर कधी झाली (त्या दिवसापासून मालमत्ता असायनीची), अटकेपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं का, सुनावणीला कोणी विरोध केला का, शेवटी डिस्चार्ज (कर्जातून सुटका) मिळाला की नाही. संरक्षणाचा रकाना मी नेहमी आधी बघते, कारण तेव्हा कर्जापायी दिवाणी तुरुंगात जावं लागायचं आणि बरेच अर्ज त्या भीतीपोटीच झालेले असतात.

पण खरा खजिना रजिस्टरात नाही, तो शेड्यूलमध्ये. नादाराने स्वतः भरून दिलेली देणेकऱ्या-घेणेकऱ्यांची यादी म्हणजे शेड्यूल, आणि रजिस्टरचं काम तुम्हाला केसच्या नंबरापर्यंत पोचवणं एवढंच, तो नंबर आधी टिपून घ्या आणि फाइल मागा. समजा कापडाचा एक छोटा व्यापारी आहे. मोठी रक्कम हुंडीची (व्यापाऱ्यांची पैसे द्यायची चिठ्ठी), मग आडत्याची, मग खोलीचं भाडं, आणि सगळ्यात खाली शिंप्याचे साडेतीन रुपये. त्या साडेतीन रुपयांवर थांबा. हुंडीवरून त्याचा धंदा कळतो, शिंप्यावरून त्याचं घर कळतं, त्याला उधार देणारी गल्ली कळते. रकमा रुपये-आणे-पै मध्ये असतात, १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा, बेरीज स्वतः करून बघा, कारकुनाच्या चुका सापडतात.

शेड्यूलमध्ये मेहुणा, सासरा, भाऊ असे घेणेकरी मोठ्या रकमेने आले तर जरा जपून. काही कर्जं खरी असतात, काही इतर सावकारांचा वाटा कमी करायला दाखवलेली असतात, विरोधाचे कागद बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

१८६५ च्या आसपासचं काम करत असाल तर तारखांना फार महत्त्व. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरचं वेड लागलं, युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला शेअरच्या वायद्यांची (पुढच्या तारखेला पुरे करायच्या सौद्यांची) मुदत भरली तशी पेढ्या कोसळल्या. तुमच्या माणसाचा अर्ज जुलैच्या आधीचा की नंतरचा, त्यावर अख्खी गोष्ट बदलते. मात्र अर्ज किती आले त्यावरून किती जण बुडाले ते मोजू नका, कित्येकांनी घेणेकऱ्यांशी कोर्टाबाहेर तडजोड केली, ते रजिस्टरात येणारच नाहीत.

फाइलला हिशेबाच्या वह्यांचे उतारे जोडलेले असतील तर तारखांत विक्रम संवत येईल. मुंबईतल्या गुजराती व्यापाऱ्यांचा संवत दिवाळीला बदलतो, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करा आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९२१ म्हणजे १८६४ ची दिवाळी ते १८६५ ची दिवाळी. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा ७९. मी मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही शेजारी लिहिते, आणि फोटो काढायची परवानगी असेल तर पहिला फोटो नेहमी कागदांच्या बस्त्यावरच्या चिठ्ठीचा.