बांधकामातल्या लाकडाचा कार्बन आणि जमिनीचा हिशेब कसा मांडावा

लाकूड वापरलं की बांधकाम आपोआप पर्यावरणपूरक झालं, असं सर्रास गृहीत धरलं जातं. लाकडाची बाजू खरोखर भक्कम असू शकते, पण ती आकड्यांनी दाखवावी लागते. हा हिशेब घरबसल्या करता येतो.

पायरी १ : लाकूड मोजा
तुळया, वासे, चौकटी यांची लांबी, रुंदी आणि जाडी गुणून घनमीटर काढा. बसवलेलं नव्हे, विकत घेतलेलं लाकूड मोजा. कापताना वाया गेलेले तुकडेही झाडातूनच आलेले असतात. प्लायवुड आणि चिकटवलेल्या तुळया वेगळ्या लिहा, कारण त्यांत रेझिनचा (चिकटवणाऱ्या रसायनाचा) वाटा असतो.

पायरी २ : साठलेला कार्बन काढा
कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. इथे ‘कोरड्या’ हा शब्द सोडू नका. समजा, एक घनमीटर पाइनचं वजन १२ टक्के आर्द्रतेला ५०० किलो आहे. ५०० ला १.१२ ने भागलं की कोरडं वजन ४४६ किलो येतं. त्यातला कार्बन २२३ किलो. त्याला ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइडचा रेणू आणि कार्बनचा अणू यांच्या वजनांचं गुणोत्तर) गुणलं की झाडाने हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो : सुमारे ८१८ किलो. ईएन १६४४९ या युरोपीय मानकाची रीतही हीच आहे.

पायरी ३ : उत्सर्जन वेगळं मांडा
तोड, कापणी, भट्टीत वाळवणं, वाहतूक. यातल्या भट्टीकडे नीट लक्ष द्या. ती गिरणीच्याच भुशावर चालते की गॅसवर, यावर आकडा खूप बदलतो. पुरवठादाराकडे उत्पादनाचं पर्यावरणीय घोषणापत्र (ईपीडी) मागा. त्यात ए१ ते ए३ या टप्प्यांत कच्च्या मालापासून कारखान्याच्या दारापर्यंतचा हिशेब असतो. वाहतूक तुम्ही जोडा : अर्धा टन लाकूड ४०० किलोमीटर आलं, तर २०० टन-किलोमीटर, त्याला त्या वाहनाच्या उत्सर्जन गुणकाने (एका टन-किलोमीटरमागे होणारं उत्सर्जन) गुणा.

आता सर्वांत मोठा मोह टाळायचा आहे. ८१८ मधून हे उत्सर्जन वजा करून ‘आमचं घर कार्बन शोषतं’ असं जाहीर करू नका. लाकूड जळलं किंवा कुजलं की तो कार्बन हवेत परततो. कचराभूमीत हवेविना कुजलं तर काही भाग मिथेन होऊन निघतो, आणि तो जास्त तापदायक असतो. म्हणूनच ईएन १५८०४ मानकात सुरुवातीला आत घेतलेला कार्बन आयुष्याच्या अखेरीस बाहेर दाखवावा लागतो. इमारत टिकेल तितकी वर्षं तो अडून राहतो, हा फायदा खरा आहे; त्याला तेवढंच म्हणावं. शिवाय तोडलेल्या जागी पुन्हा झाडं वाढत असतील, तरच तो फायदा. नैसर्गिक जंगल साफ करून आणलेल्या लाकडाला ८१८ हा आकडा लावणं म्हणजे शुद्ध दिशाभूल.

पायरी ४ : जमीन मोजा
हा भाग बहुतेक अहवालांत नसतोच, आणि मला तो कार्बनइतकाच महत्त्वाचा वाटतो. ओंडक्याचा साधारण निम्मा भागच कापीव लाकूड होतो असं धरलं, तर एका घनमीटरला दोन घनमीटर ओंडके लागतात. जंगलाची वाढ हेक्टरी दरवर्षी ५ घनमीटर असेल, तर २ भागिले ५, म्हणजे ०.४ हेक्टर जमीन वर्षभर गुंतली. वेगाने वाढणाऱ्या लागवडीत वाढ २० असेल, तर ०.१ हेक्टर.

दुसरा आकडा लहान, म्हणून ती जमीन चांगली, असं मात्र नाही. एकाच जातीच्या लागवडीत पक्षी, कीटक आणि माती यांना मिळणारा आसरा मिश्र जंगलापेक्षा सहसा कमी असतो. त्यामुळे क्षेत्रफळाशेजारी जंगलाचा प्रकार आणि प्रमाणपत्र असल्यास तेही लिहा. ढलप्या आणि भुसा विकला जात असेल, तर काही जमीन त्यांच्या नावे टाकता येते. कोणत्या प्रमाणात, ते स्पष्ट नोंदवा.

पायरी ५ : तुलना करा
किलोला किलो लावून तुलना करू नका. तेवढंच अंतर पेलणारी, तेवढाच भार घेणारी लाकडी आणि पोलादी तुळई समोरासमोर ठेवा, आणि दोन्हींसाठी उत्सर्जन, साठा व जमीन या तीन रकान्यांची बेरीज न करता ते शेजारी-शेजारी छापा.