आर्पेजिएटर समेवर का येत नाही? कीबोर्डवर या चुका टाळा

आर्पेजिएटर (धरलेल्या कॉर्डचे स्वर एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय, थोडक्यात आर्प) चालू केला, सा-ग-पची कॉर्ड धरली, एकट्याने वाजवताना सुरेख वाटलं. पण ढोलकी सुरू झाली आणि सगळं विस्कटलं. ऑर्केस्ट्रात नव्याने कीबोर्ड वाजवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा यात साधा हिशेब चुकलेला असतो.

आर्प 'अप' मोडवर (स्वर खालून वर), एकाच सप्तकात आणि सोळाव्या भागांत लावला असेल, तर एका मात्रेत चार स्वर वाजतात. कॉर्डमध्ये स्वर मात्र तीनच. त्यामुळे पहिल्या मात्रेवर सा येतो, दुसरीवर ग, तिसरीवर प. केरव्याच्या 8 मात्रा संपल्या की पुढच्या समेवर प आणि त्यापुढच्या समेवर ग. ऐकणाऱ्याला वाटतं, कीबोर्डवाला ताल सोडतोय! वरचा सा जोडून चार स्वर धरा. प्रत्येक मात्रा सा वरच सुरू होईल. दादऱ्यात ही अडचण येत नाही, कारण 6 मात्रांचे 24 भाग तिनाने पूर्ण भागले जातात.

दुसरी चूक लयीची, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. आर्प 120 टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला 120 मात्रांवर, लावलाय आणि रंगात आलेली ढोलकी 124 वर गेली, तर दर मात्रेला साधारण 16 मिलिसेकंदांचा फरक पडतो. केरव्याच्या एकाच आवर्तनात आर्प जवळजवळ एक अख्खा सोळावा भाग मागे राहतो. ढोलकी चढणारच, तिने चढावंही. म्हणून तालवाद्य वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक (लयीचा टिकटिक ठोका) देता येत असेल तरच आर्प पूर्ण गाणंभर चालवा. नाहीतर तो सुरुवातीच्या तुकड्यापुरता ठेवा आणि ताल सुरू झाला की हाताने वाजवा.

लॅच किंवा होल्ड (बोटं उचलल्यावरही आर्प चालू ठेवणारी सोय) चालू असताना कॉर्ड बदलायची तर आधी सगळी बोटं उचला. एक बोट जरी खाली राहिलं, तरी बऱ्याच कीबोर्डवर नवे स्वर जुन्यांतच मिसळतात.

आर्प अजिबातच वाजत नसेल तर क्लॉक सेटिंग, म्हणजे आर्प लय कुठून घेतो ते, बघा. ते एक्स्टर्नलवर राहिलं असेल आणि बाहेरून मिडी क्लॉक (दुसऱ्या यंत्राकडून येणारा लयीचा सिग्नल) येत नसेल, तर आर्प वाट बघत गप्प बसतो. इंटर्नल करा, काम झालं. कॉम्प्युटरला जोडल्यावर प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येत असेल तर लोकल कंट्रोल (कीबोर्डच्या पट्ट्यांनी त्याचाच आवाज थेट वाजवण्याची जोडणी) ऑफ करा.

आता पिच बेंड, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारं व्हील. रेंज बहुधा 2 सेमीटोन असते, म्हणजे सा पासून शुद्ध रे पर्यंत. सा ते ग अशी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) हवी असेल तर रेंज 4 करावी लागते, पण मग व्हील जरा हललं तरी स्वर बेसूर होतो. खालून वर येणारी मींड घ्यायची असेल तर व्हील आधी खाली ओढा, मग की दाबा आणि हळूहळू मध्यावर आणा. झटकन सोडलं तर स्प्रिंग स्वराला उडवते आणि मींडेचा जीवच जातो. बासरी किंवा स्ट्रिंग्जसारख्या टोनमध्ये की सोडल्यावरही आवाज थोडा रेंगाळतो. त्या शेपटीतही व्हीलची हालचाल स्पष्ट ऐकू येते, म्हणून आवाज पूर्ण विरेपर्यंत बोट व्हीलवरच ठेवा.

स्प्लिट (कीबोर्डचे दोन भाग करून वेगवेगळे टोन) लावून डाव्या हाताने कॉर्ड धरली असेल तर व्हीलबरोबर तीही वाकते. पिच बेंड फक्त वरच्या भागाला लागू करण्याची सोय बऱ्याच कीबोर्डमध्ये असते. ती आधीच शोधून ठेवा. मॉड्युलेशन व्हीलला सहसा स्प्रिंग नसते, ते अर्ध्यावर राहिलं तर पुढच्या गाण्यातही स्वर थरथरत राहतो. रोलँड कंपनीच्या कीबोर्डवरच्या लिव्हरला मात्र स्प्रिंग असते, ती आपोआप मागे येते.

सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबत असतील, तर कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा आणि पाय न लावता पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड पेडलची दिशा सुरू होतानाच ओळखतात.

आणि नॉब फिरवून मनासारखा टोन मिळाला की लगेच सेव्ह करा. नुसता टोन बदलून परत आलात तरी केलेला बदल गेलेला असतो.